एक पान कमी : जुन्या ब्रिटिश पत्त्यांच्या खेळांच्या नोंदी

शनिवार, २ मार्च २०२४

लीड्स. दळणाची गिरणी शोधायला निघाले होते, शिरले चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात. जिगसॉच्या ढिगाखाली पुस्तकासारखा दिसणारा एक छोटा डबा होता. लेक्सिकन, अक्षरांच्या पत्त्यांचा खेळ. कंपनी वॉडिंग्टन्स, म्हणजे याच गावची. लेक्सिकन १९३० च्या दशकाच्या सुरुवातीचा. पुढे वॉडिंग्टन्सने तो अमेरिकेत पार्कर ब्रदर्स या खेळांच्या कंपनीला दाखवायला पाठवला आणि तिकडून मोनोपॉली इकडे आली. चौदा वर्षं या गावात राहतेय, पण हे मला आज डबा हातात घेतल्यावर कळलं. २ पौंड दिले.

या वर्षी दिवाळीला आमच्याकडे पंधरा-वीस जण असतील. दरवर्षी फराळ झाला की जो तो कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसतो. म्हणून ठरवलं, तोपर्यंत जुन्या ब्रिटिश पार्टी-पत्त्यांचे आठ खेळ जमवायचे. अट एकच : खेळता आले पाहिजेत. काचेच्या कपाटात ठेवायला नकोत. बजेट १०० पौंड.

घरी येऊन पानं मोजली. असायला हवीत ५२, निघाली ४९. दुकानात मोजायला दोन मिनिटंसुद्धा लागली नसती.

शनिवार, ९ मार्च

ऑनलाइन लिलावात दुसरा लेक्सिकन मिळाला. ३.५० पौंड आणि टपाल ३.२०. त्यात ५० पानं. दोन्ही कॅट जेवणाच्या टेबलावर अक्षरवार मांडले आणि ताळा जमवला. एकात नव्हती ती पानं दुसऱ्यात होती. दोन्ही मिळून बरोबर ५२, मास्टर कार्डासकट (जोकरसारखं, कुठल्याही अक्षराच्या जागी चालणारं पान). अगदी फुशारकीने नवऱ्याला दाखवायला गेले.

त्याने पानं उलटी केली. पहिल्या कॅटची पाठ गर्द निळी, दुसऱ्याची हिरवट. भर घातलेली तीन पानं लांबूनसुद्धा ओळखू येत होती. म्हणजे अख्ख्या खोलीला माझ्या हातात काय आहे ते दिसणार. "मेंढीकोटात हुकूम उघडा ठेवून बसल्यासारखं," तो म्हणाला.

हे करायला निघालेल्या कुणासाठीही लिहून ठेवते : दोन अर्धे कॅट जोडून एक पूर्ण करायचा असेल तर पुढची बाजू नंतर बघा, आधी पाठ बघा. मग जाडी. माझी दुसऱ्या कॅटची पानं किंचित जाडही आहेत, पिसताना बोटाला कळतं. यावर उपाय सापडायला मला ऑगस्ट उजाडला.

रविवार, ७ एप्रिल

मोसमातला पहिला कार बूट सेल. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : शेतात गाड्या लावायच्या, डिकी उघडायची आणि घरातली अडगळ विकायची. सकाळी साडेसहाला पोचले. थंडी इतकी की बोटांना पानं मोजता येईनात. पण या वेळी मोजली.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चार खेळ एकत्र, ८ पौंड : स्पिअर्स कंपनीचा स्नॅप (सारखी दोन पानं पडली की 'स्नॅप' ओरडायचं), चित्रांचा ओल्ड मेड, एक हॅपी फॅमिलीज आणि एक साधा पत्त्यांचा कॅट. कॅटवरचा कागद शाबूत होता, त्यावर तीन पेन्सच्या कराचा छाप. १८६२ पासून इंग्लंडात पत्त्यांच्या दर कॅटवर तीन पेन्स कर होता, तो १९६० साली उठला. म्हणजे हा कॅट त्याआधीचा. खेळ म्हणून याचा उपयोग नाही, पण उघडवतही नाही.

मोजणी तिथेच गवतावर वाकून केली. ओल्ड मेडची पानं सम असायला हवीत की विषम, हे त्या गारठ्यात आठवेना. सोडून दिलं. (ते पुढे बाधलं.) हॅपी फॅमिलीज मोजायला सगळ्यात सोपा. प्रत्येक घरात चारच माणसं : मिस्टर, मिसेस, मास्टर, मिस. माझ्या कॅटमध्ये अकरा घरं, म्हणजे ४४ पानं हवीत. हाताला लागली ४३. गैरहजर कोण? डॉक्टर डोजची मुलगी, मिस डोज.

तरीही घेतला. ८ पौंडांत चार खेळ म्हणजे एका पानाला रडायचं कशाला, असं वाटलं.

आता अपघात. पानांना रबरबँड लावलेलं होतं, ते कधीच वितळून वाळलेलं. गाडीत बसल्या-बसल्या मी ते ओढलं. वरच्या पानाचा पातळ पापुद्रा रबराबरोबर निघून आला. मिस्टर बन बेकरच्या पावाच्या जागी आता पांढरा कागद दिसतो. आपल्याकडे उकडलेल्या बटाट्याचं साल काढतात ना, तसं निघालं. खालच्या पानाचं रबर मात्र मी घरी आणून, पान प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं. सकाळी पिशवी न उघडता तासभर बाहेर ठेवली, नाहीतर थंड पानावर पाणी धरतं. मग जुन्या बँक कार्डाच्या कडेने टिचक्या मारत काढलं. रबर कडक झालेलं होतं, खडीसाखरेसारखं सुटलं. तपकिरी पट्टा राहिला, पण चित्र वाचलं.

रविवार, १४ एप्रिल

आजची नोंद लिहायची लाज वाटते.

पानं मळकी होती. स्वयंपाकघरातलं फडकं ओलं करून घट्ट पिळलं आणि मिस्टर बोन्स कसायाच्या तोंडावरून फिरवलं. गालांचा लाल रंग फडक्यावर आला. एका फटक्यात कसाई पांढराफटक. या पानांना आजच्या पत्त्यांसारखा प्लॅस्टिकचा लेप नसतो, छपाई उघडी असते. पाणी लावायचंच नाही.

बाकीची पानं कोरडीच साफ केली : मऊ ब्रश, मग पांढरं खोडरबर (१.५० पौंड) किसून त्याचा चुरा पानावर पसरायचा आणि बोटाच्या टोकाने गोल-गोल फिरवायचा. घासायचं नाही, चुऱ्याला मळ खाऊ द्यायचा. एका पानाला तीन मिनिटं. ४१ पानं, दोन संध्याकाळी. कडा तरी करड्याच राहिल्या.

वासासाठी : मोठ्या झाकणाच्या डब्यात वाटीभर खायचा सोडा उघडा ठेवला, शेजारी पानं सुटी करून, एकमेकांना न लागता. तीन आठवडे. सिगारेटचा वास गेला, कुबट वास निम्मा राहिला.

शनिवार, २७ एप्रिल

शेजारच्या कुटुंबाबरोबर ओल्ड मेड खेळून पाहिला. हा म्हणजे आपला गुलामचोर. जोड्या टाकत जायचं आणि शेवटी ज्याच्या हातात म्हातारी उरेल तो हरला. साधा कॅट वापरूनही खेळतात, पण चित्रांच्या पानांत म्हातारीचा चेहरा बघून हसायला येतं, ती मजा गुलामात नाही.

शेवटाला पोचलो. म्हातारी माझ्या मुलीच्या हातात. ती रडवेली झाली. तेवढ्यात शेजारच्या बाई म्हणाल्या, माझ्याकडेही एक पान आहे, त्याला जोडच नाही. म्हणजे कॅटमधलं एक पान हरवलेलं होतं आणि त्याची जोडीदार एकटी पडलेली. एका डावात दोन म्हाताऱ्या!

गवतावर जे आठवत नव्हतं त्याचं उत्तर हे. या खेळात पानं विषमच हवीत, जोड्या अधिक एक. मोजणी सम आली की काहीतरी हरवलं आहे. यावर उपाय फुकटचा : त्या एकट्या पानालाही बाजूला काढलं. एक जोडी कमी, खेळ व्यवस्थित. सगळ्याच खेळांत हे जमत नाही, म्हणून ओल्ड मेड नवशिक्याने आधी घ्यावा.

शनिवार, १८ मे

दोन पार्सलं.

पिट : ६ पौंड, टपाल ३.४०. डब्यावर 'मेड इन इंग्लंड' पाहून घेतला. नंतर वाचलं की मूळ खेळ अमेरिकेचा, पार्कर ब्रदर्सनी १९०४ साली काढलेला. ब्रिटिश यादीत घालावा की नाही यावर घरात वाद झाला. ठेवला, कारण पार्टीला याच्याइतका गोंगाट करणारा खेळ दुसरा नाही. धान्यबाजार : गहू, बार्ली, ओट्स अशी पानं. पाळी नाहीच. सगळे एकदम "दोन! दोन! तीन!" ओरडत अदलाबदल करतात आणि एकाच धान्याची सगळी पानं पहिल्यांदा जमवणारा जिंकतो. सांगलीच्या हळदीच्या सौद्यांना गेलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

कॉन्ट्राबँड : ७ पौंड, टपाल ३.४०. पेपिस या छापाचा, म्हणजे लंडनच्या कॅस्टेल ब्रदर्सचा. विक्रेत्याने 'पूर्ण' लिहिलं होतं. पानं पूर्ण होतीही, पण नियमांचा कागद नव्हता आणि झाकणाचे चारही कोपरे फुटलेले. फोटो मुद्दाम अशा बाजूने काढलेला की कोपरे दिसूच नयेत. मी विचारायला हवं होतं. आता विचारते, दर वेळी तीनच प्रश्न : किती पानं, पाठीचा फोटो, नियमांचा कागद आहे का. उत्तर न देणाऱ्याकडून घेत नाही.

शनिवार, १५ जून

आई आली, मिरजेहून. सहा महिने आहे.

जुन्या वस्तूंच्या जत्रेत तिला घेऊन गेले. बेलीशा १२.५० पौंडांना घेतला, आत्तापर्यंतचा सगळ्यात महाग. हाही पेपिसचाच. लेस्ली होअर-बेलीशा १९३४ ते १९३७ वाहतूकमंत्री होते. रस्ता ओलांडायच्या जागी काळ्या-पांढऱ्या खांबावर जे नारिंगी गोळे लुकलुकतात, त्यांना इथे अजून त्यांच्याच नावाने ओळखतात. त्याच्यावरून पत्त्यांचा खेळ निघाला. आमच्या घराच्या कोपऱ्यावर असा खांब आहे. आईला दाखवला. ती म्हणाली, "मंत्र्याच्या नावाचा दिवा, आणि तो चालूही आहे?"

कान-यू-गो, ३ पौंड, पत्त्यांचं शब्दकोडं. हाही लीड्सचाच, पोर्टरप्रिंटचा. आठ खेळ झाले.

डब्याचं वय काढायच्या चार खुणा, ज्या मला उपयोगी पडल्या. किंमत शिलिंग-पेन्समध्ये असेल तर १५ फेब्रुवारी १९७१ च्या आधीचा, त्या दिवशी इथे दशमान नाणी आली. डब्यावर छापलेल्या लंडनच्या पत्त्यात 'ई.सी.' या टपाल विभागानंतर आकडा नसेल तर बहुधा १९१७ च्या आधीचा, कारण आकडे त्या वर्षी आले. 'बहुधा' म्हणते, कारण कंपन्या जुनी लेबलं संपेपर्यंत वापरत. स्पिअर्सच्या डब्यावर 'बव्हेरिया' असेल तर दुसऱ्या महायुद्धाआधीचा. कंपनी जर्मनीतल्या न्यूरेंबर्गकडची होती, इंग्लंडातल्या एनफिल्डचा कारखाना १९३२ चा. चौथी खूण उलटी आहे : चित्रातल्या कपड्यांवरून वय काढू नका. हॅपी फॅमिलीजमधल्या टोप्या आणि झगे पाहून मी माझा कॅट शंभर वर्षांपूर्वीचा समजत होते. ती चित्रं पुन्हा पुन्हा छापली गेली. माझ्या डब्यावर आत पेन्सिलीने '३/६', म्हणजे ३ शिलिंग ६ पेन्स, लिहिलं आहे आणि पुठ्ठ्याचा चकचकीतपणा पाहता तो आईच्या वयाचा असेल.

शनिवार, १३ जुलै

कॉन्ट्राबँडच्या झाकणाचे कोपरे. चिकटपट्टी लावायची नाही हे ठरलेलं. आधीच्या कुणीतरी लावलेली होती, ती पिवळी पडून तिचा डिंक पुठ्ठ्यात मुरला आहे. पुस्तकं दुरुस्त करणारे लोक गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात, कारण ती पाणी लावून पुन्हा सोडवता येते. तयार पूड मागवावी म्हणून किंमत पाहत होते. आई मागून वाचत होती.

"अगं, गव्हाचं स्टार्च म्हणजे चीक. कुरडयांचा चीक! तो विकत कशाला आणतेस?"

लीड्समधल्याच हेअरहिल्स भागातल्या दुकानातून गहू आणले, २ पौंड. तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलून. मिरजेला तिसऱ्या दिवशी गव्हाला आंबूस वास येतो. इथे जुलैतही आला नाही, चौथ्या दिवशी आला. मिक्सरवर वाटले, पंचात पिळले, चोथा टाकला. पांढरं पाणी रात्रभर पातेल्यात. सकाळी वरचं पाणी ओतून दिलं, तळाला घट्ट चीक. फोनवर मावशीने बजावलं, "कुरडईसारखाच शिजव, फक्त मीठ-हिंग घालू नकोस."

पहिली खेप वाया गेली. मी कुरडईच्याच मापाने शिजवला, वाटीभर चिकाला वाटीभर पाणी. गोळा झाला. तो कोमट असतानाच कोपऱ्यावर फासला आणि झाकण ओलं होऊन पापडासारखं वाकलं. लेबलाला सुरकुती आली, ती आजही आहे.

शनिवार, २० जुलै

दुसरी खेप. चिकाच्या चौपट पाणी, मंद आच, हात न थांबवता ढवळणं. दुधी रंग जाऊन पारदर्शक दिसायला लागलं की आणखी पाच मिनिटं. पूर्ण गार करायचं, मग चहाच्या गाळणीतून चमच्याने दाबून काढायचं. आता साईसारखी झाली.

पातळ जपानी कागद (६.५० पौंड, एक ताव, पुष्कळ उरला) हाताने फाडून पट्ट्या केल्या. कात्रीने कापल्या तर कड दिसते, फाडल्या की तंतू पुठ्ठ्यात मिसळतात. खळ पट्टीला लावायची, पुठ्ठ्याला नाही. ब्रश (३ पौंड) निथळून. कोपरा आतल्या बाजूने जोडला, वर बेकिंग पेपर, आत लाकडी ठोकळा, आणि वजनाला पोळपाटावर तूरडाळीची पाच किलोची पिशवी. रात्रभर.

सकाळी चारही कोपरे काटकोनात. आईने झाकण चार वेळा उघडलं-मिटलं. उरलेली खळ फ्रीजमध्ये चार दिवस टिकली, पाचव्या दिवशी वास आला. उरलेल्या चिकाच्या कुरडया घातल्या. लीड्सच्या उन्हात त्यांना वाळायला आठ दिवस लागले.

शनिवार, १० ऑगस्ट

आज हॅपी फॅमिलीजचे नियम मोठ्याने वाचले. मूळ खेळ जॉन जॅक्स (धाकटे) यांचा, १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या सुमाराचा. मूळची चित्रं जॉन टेनियलची म्हणून ओळखली जातात. नियम सोपे. समोरच्याकडे नाव घेऊन पान मागायचं, "मिसेस बन आहेत का घरी?" त्या घरातलं निदान एक पान आपल्या हातात असलं पाहिजे. असेल तर त्याने द्यायचं. नसेल तर म्हणायचं, "नॉट ॲट होम", आणि पाळी त्याची.

आई भाजी निवडत होती. सुरी थांबली.

"परत वाच."

परत वाचलं.

"नाटेठोम!"

मिरजेच्या वाड्यात मे महिन्यात आम्ही दुपारभर नाटेठोम खेळायचो. साधा कॅट, चार राण्या, चार दश्शा असे चौकडे जमवायचे. "इस्पिकची राणी आहे?" "नाटेठोम!" चाळीस वर्षं मी हा शब्द कानडी समजत होते. आईला वाटायचं 'ठोम' म्हणजे ठोंब्या, पान नसलेला माणूस. आजोबा मिरजेच्या रेल्वेत होते. त्यांना अर्थ ठाऊक असणार, त्यांनी कधी सांगितला नाही.

आईने लगेच भारतात तीन फोन लावले. भाजी मी निवडली.

रविवार, २५ ऑगस्ट

मिस डोज. तिचं जुनं पान मिळवायचा नाद सोडला. याच छपाईचा, याच पाठीचा कॅट पाच महिन्यांत एकदाही दिसला नाही. बदली पान करायचं ठरलं, पण खोटं पान खरं म्हणून खपवायचं नाही. त्यावर कोपऱ्यात पेन्सिलीने 'बदली, २०२४' लिहिलं आहे. उद्या हा कॅट दुसऱ्या कुणाकडे गेला तर त्याला कळलं पाहिजे.

चित्र लेकीने काढलं. तिचं म्हणणं, डॉक्टरची मुलगी बापाच्या बाटल्या पुसत का बसेल, ती स्वतः डॉक्टर झाली असेल. म्हणून मिस डोजच्या गळ्यात स्टेथोस्कोप आहे आणि डोकं बाकीच्या सगळ्यांसारखंच धडापेक्षा मोठं.

पाठ दुसऱ्या पानावरून रंगीत छापून घेतली, २.५० पौंड. फार पांढरी आली. चहाच्या पाण्यात बुडवली, तर ढगाळ डाग पडले आणि पुठ्ठा लाटेसारखा झाला. दुसरी प्रत तशीच पांढरी ठेवली. मग सुचलं, की हल्लीची पोरं पोकेमॉनची पानं ज्या प्लॅस्टिकच्या पाकिटांत घालतात त्यांची पाठ अपारदर्शक असते. पान कसलंही असो, मागून सगळी सारखी. मिस डोजही सुटली आणि मार्चपासून पडलेला लेक्सिकनही!

पहिली पाकिटं अरुंद निघाली, ४.५० पौंड पाण्यात. पान मोजून मिलिमीटरमध्ये मागवा. दुसरी बरोबर बसली, दोन गठ्ठे ९ पौंड. पीव्हीसीची घेऊ नका, ती कालांतराने छपाईला चिकटतात. पॉलिप्रॉपिलीनची घ्या. तोटाही आहे. पाकिटातली पानं घसरतात, आईला पिसता येत नाहीत. ती टेबलावर पसरून कालवते.

शनिवार, २१ सप्टेंबर

जॅक्सच्या जुन्या ५२ पानी हॅपी फॅमिलीजवर बोली लावायला बसले होते. तेरा घरं, डब्यासकट. ४० पौंडांवर बोट बटणावर होतं. नवऱ्याने विचारलं, तो आणलास तर पोरांच्या हातात देशील? उत्तर आलं नाही. लॅपटॉप मिटला.

त्याच यादीत १९०९ चा पँको होता, स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतला. नाव चळवळीच्या नेत्या पँकहर्स्ट यांच्यावरून, चित्रं 'पंच' साप्ताहिकाच्या ई. टी. रीड यांची, एका बाजूला मताधिकारवाल्या आणि दुसऱ्या बाजूला विरोधक. त्याची बोली मी फक्त पाहत राहिले.

शनिवार, २ नोव्हेंबर, पाडवा

एकोणीस माणसं. सात ते साडेअकरा.

पिट : सर्वाधिक चालला. ओरडण्याने शेजाऱ्यांचा फोन आला, मग तेही खेळायला आले.

लेक्सिकन : पडला. मोठ्यांना इंग्रजी शब्द जुळवत बसायचं नव्हतं, मुलांना फराळानंतर शाळा नको होती. कान-यू-गो डब्यातून बाहेरच आला नाही. शब्दांचे दोन खेळ घ्यायची गरज नव्हती.

बेलीशा : चित्रं सगळ्यांनी पाहिली, खेळला कुणी नाही.

स्नॅप : पाच वर्षांच्या मुलांच्या हातात ऐंशी वर्षांची पानं द्यायला नको होती. दोन पानांना घडी पडली. दोष माझा. स्नॅपचा नवा कॅट स्वस्तात मिळतो.

हॅपी फॅमिलीज : आईने ताबा घेतला. नियम तिने मराठीत सांगितले आणि शेवटी गोऱ्या शेजाऱ्यांसकट सगळे "नाटेठोम" म्हणत होते. कसायाचा पांढरा चेहरा पाहून एकाने विचारलं, याला कावीळ झाली का. कावीळ नव्हे, म्हटलं, माझं फडकं.

कॉन्ट्राबँड : माझा आवडता ठरला. आपल्या चॅलेंजच्या कुळातला. हातात काय माल आहे त्याबद्दल कस्टमवाल्यासमोर सरळ चेहऱ्याने खरं किंवा खोटं सांगायचं. यातली दोन पानं मानाची, राजमुकुटाची रत्नं आणि डिप्लोमॅटिक बॅग, म्हणजे वकिलातीची थैली. रात्री अकरापर्यंत लोक उठेनात. पाकिटं संपली होती, म्हणून हा कॅट उघडाच होता.

रविवार, ३ नोव्हेंबर, भाऊबीज

मोजणी. पिट बरोबर. हॅपी फॅमिलीज ४४, मिस डोजसकट. ओल्ड मेड विषम. कॉन्ट्राबँड : एक कमी. डिप्लोमॅटिक बॅग.

सोफा उचलला, चकलीचे डबे रिकामे केले, कचऱ्याची पिशवी उलटी केली. नाही.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

पाहुण्यांपैकी एकांचा फोन. खेळाच्या भरात त्यांनी पान बाहीत लपवलं होतं आणि मग कुडत्याच्या खिशात विसरले. तस्करी यशस्वी. कुडता काल चाळीस डिग्रीवर धुतला गेला. पानाचा लगदा त्यांनी प्रामाणिकपणे पिशवीत घालून आणून दिला. त्यावर 'बॅग' यातलं अर्धं अक्षर वाचता येतं.

हिशेब : खेळ ५२ पौंड, दुरुस्ती, साफसफाई आणि पाकिटं २९. एकूण ८१. वाया : चुकीची पाकिटं ४.५०, न खेळलेले बेलीशा आणि कान-यू-गो मिळून १५.५०. पेट्रोल धरलेलं नाही, कारण धरलं तर बजेट बसत नाही.

१९ पौंड शिल्लक आहेत. दुसऱ्या एका कॉन्ट्राबँडवर बोली लावली आहे, ५.२० पौंड. विक्रेत्याला तीन प्रश्न पाठवले. पाठीचा फोटो आला आहे, रंग जुळतो. पानं किती ते तो मोजून सांगणार आहे.